ओला दांडा

कुऱ्हाड घ्यायची तर तानुबाईला सोबत न्या, असं हिवरखेडात कुणीही सांगेल. वांगी-मिरच्या विकणाऱ्या बाईचा कुऱ्हाडीशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर लोक हसतात. तिच्या घरचं लाकूड तीच फोडते. नवरा देवीदास ओसरीवर बसलेला असतो, आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो, कुणी सांभाळायला दिल्यासारखा. त्या हाताचं सांगितल्याशिवाय बाईच्या पारखीचं सांगता येत नाही.

पारख तिनं माहेराहून आणली. ती परकर नेसायची त्या वयात तिच्या बापानं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या भांडणात चुलतभाऊ तोडला. घरी आला तो खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली लहानशी कुऱ्हाड घेऊन. आईनं ती पोरीच्या हातात दिली, राख दिली आणि धू म्हणाली. पात्यावरचं रक्त लगेच गेलं. दांड्यात मुरलेलं मात्र तिनं कितीही घासलं तरी गेलं नाही. बाप जन्मठेपेवर गेला, आई दुसऱ्याच्या वावरात राबून म्हातारी झाली, आणि पोरगी एवढं शिकली की ज्याला लाकूड तोडायचं असतं तो लांब दांड्याची कुऱ्हाड घेतो. लहान घेणाऱ्याला ती लपवायची असते.

म्हणून दहा-बारा वर्षांमागं ऐन वैशाखात देवीदास तिला घेऊन बाजारात गेला आणि लहान कुऱ्हाड मागायला लागला, तेव्हा तिला बापाचा दुपट्टा आठवला. देवीदासचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. लग्नानंतर त्यानं एकदा अशी थप्पड मारली की तिचा डावा कान कायमचा गेला, आणि त्यानंतरच्या थपडा तिनं मोजल्या नाहीत. थोरला भाऊ मोतीराम काही संत नव्हता. दरवर्षी त्याचं वखर मधला धुरा थोडाथोडा खात यायचं. त्या वर्षी त्यानं धुऱ्यावरची सामाईक बाभूळ पाडली आणि गाडीत घालून नेली. देवीदास घरी काहीच बोलला नाही. तो बोलत नसला की तानुबाईला जास्त भीती वाटायची.

बुधाजी लोहाराच्या दुकानात पाती एका पोत्यावर मांडलेली असत आणि दांड्यांची मोळी वेगळी. ज्यानं त्यानं निवडून घ्यावं, बुधाजीनं बसवून द्यावं. देवीदास पोरगी पाहायला आल्यासारखा एकेक पातं उलटसुलट करत होता. धार नखावर लावून पाहिली, एकावर एक वाजवून आवाज ऐकला, आणि सदऱ्याखाली मावेल असं एक उचललं. आखूड दांडा काढ गं कुठलाही, असं बायकोला म्हणाला. रागावलेला माणूस पात्याकडे पाहतो, दांड्याकडे कशाला पाहील?

तानुबाईनं मोळीतला धावड्याचा दांडा उचलून गालाला लावला. तो कोमट होता, वाळलेला होता, आयुष्यभर हलला नसता. तिनं तो परत ठेवला. खालून बाभळीचा काढला. तो गालाला गार लागला. नुकताच तोडलेला, ओला. आज घट्ट बसेल, पण या उन्हात आठवडाभरात आकसेल आणि पातं डुलायला लागेल. तिनं तोच पुढे केला. बुधाजीनं दांडा हातात तोलला, तिच्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, म्हातारा काही बोलला नाही. त्यानं पाचर ठोकून दिली.

देवीदासनं कुऱ्हाड चुलीवरच्या फळीवर ठेवली. तानुबाईनं त्या दिवसांत गरज नसताना चूल पेटती ठेवली, आणि नवऱ्यानं अजून थोडे दिवस थांबावं म्हणून जो आठवेल त्या देवाला नवस बोलली.

तो थांबला, पण फार नाही. एका सकाळी मोतीराम दोन पोरांसह वखराला आल्याचं कळलं, तसा देवीदास निघाला. ती मागून धावली. धुऱ्यावर पोचेपर्यंत भावांनी एकमेकांना आईवरून शिव्या घालायला सुरुवात केली होती. आई दोघांची एकच, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. देवीदासनं सदऱ्याखालून कुऱ्हाड काढली आणि भावाच्या मानेवर घाव घातला.

पातं दांड्यातून निसटलं. मोतीरामच्या कानाची पाळी कापून ते मागे गेलं आणि उन्हानं फाटलेल्या काळ्या मातीच्या भेगेत पडलं. भेग पुरुषभर खोल होती. ते पातं पुन्हा कुणाला दिसलं नाही. देवीदास स्वतःच्याच जोरानं भेलकांडला आणि हातात नुसतं दांडकं घेऊन उभा राहिला. मोतीरामनं कान चाचपला, रक्त पाहिलं, आणि बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसली.

तानुबाईनं हे धरलंच नव्हतं. नवरा काय करील याचा तिनं रात्रंदिवस विचार केला होता. नवऱ्याचं काय होईल याचा केलाच नव्हता. पहिला तडाखा देवीदासच्या कोपरावर बसला, दुसरा मनगटावर, आणि हाड कातडी फोडून बाहेर आलं. तो खाली पडला तरी पोरं लाथा घालत होती. ती जाऊन त्याच्या अंगावर पालथी पडली. एक तडाखा तिच्या पाठीत बसला. ज्याचा जीव तिनं वाचवला होता, त्याच्याच पायाला मिठी मारून ती नवऱ्याचा जीव मागत होती. मोतीराम थांबला तो दमला म्हणून.

अकोल्याच्या दवाखान्यात हात कापावा लागला नाही, एवढंच. त्यातला जीव गेला तो गेला. पुढे गावकऱ्यांनी मध्ये पडून दोन्हीकडच्या तक्रारी मागे घ्यायला लावल्या. देवीदास बुधाजीला शिव्या घालत राहिला, त्या लोहारड्यानं सडका दांडा दिला म्हणून. बुधाजी मरेपर्यंत गप्प राहिला. तानुबाईही. तो हात पुन्हा तिच्यावर उठला नाही. त्याचं तिला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून आणखी वाईट वाटायचं.

यंदा तिची नात आकांक्षा अकोल्याहून आली. कृषी विद्यापीठात शिकणारी पोरगी. मैत्रिणींसोबत पाठीवर तंबू घेऊन डोंगराकडच्या एका शेतात राहायला निघाली होती. खुंट्या ठोकायला, काटक्या फोडायला तिला लहान कुऱ्हाड हवी होती. लहान म्हटल्यावर आजीचा चेहरा उतरला. पण लपवायची नाही, पाठीवर वाहायची आहे, हे समजल्यावर ती पोरीला घेऊन बाजारात गेली आणि एक पातं, दोन दांडे घेऊन आली, त्यातला एक पोरीनंच उचललेला.

ओसरीवर बसून तिनं नातीला दाखवलं. पातं एका हातानं उचलेल एवढंच जड असावं. दांडा कोपरापासून बोटांपर्यंत. त्याच्या रेषा सरळ खाली गेलेल्या हव्यात, गाठ नको. तिनं दांडा बसवला, पाचर ठोकली. दुसरा गुळगुळीत होता तो काहून नाही बसवला, असं आकांक्षानं विचारलं.

“गालाले लावून पाय. थंडा लागते का नाई? ओला हाये. आज घट्ट बसन, पन उनात आकसते. मंग जोरात घाव घातला का पातं उडून जाते,” तानुबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला कळलं.

ओसरीच्या टोकाला बसलेल्या देवीदासनं पोरीला आत जायला सांगितलं. मग डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली.

“तुले माईत होतं.”

बुधाजी मेला होता. खोटं बोलता आलं असतं. “होये,” ती म्हणाली.

“मोतीरामले वाचवलं तुनं. मले मारून टाकलं.”

“तुमालेच वाचवाले गेली होती. थो उभारी उपसन, हा इचार म्या केला नाई.”

इतक्या वर्षांनी तिच्यावर हात उठला. ती बाजूला सरली नाही. तिचा अपराध होता आणि तिला त्याची शिक्षा टाळायची नव्हती. घाव तिच्या बहिऱ्या कानाजवळून गेला आणि मागच्या सागवानी खांबात बसला. ढलपी उडून गाल फाटला. देवीदासनं कुऱ्हाड ओढली. एका हातानं ती निघेना. तो ओढत राहिला, मग खांबाशीच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तानुबाईनं पदरानं गाल पुसला. खांबाला पाय लावला, दांडा खालीवर हलवला आणि कुऱ्हाड उपसून काढली. सवयीनं पाचरीवरून अंगठा फिरवला.

“हालला का?” देवीदासनं मान वर न करता विचारलं.

“नाई,” ती म्हणाली, आणि पातं पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून नातीच्या पिशवीत ठेवलं.