काचेचा कॉम्प्युटर आणि खाजणारे हात

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर बसून तूर निवडत होतो. खडे ती काढत होती, मी नुसता सूप हलवत होतो. शेजारची सून आली आणि म्हणाली, "काकू, ते कॉम्प्युटरवालं सांगा ना." झालं. तिनं सूप बाजूला सारलं आणि सगळी केस पहिल्यापासून सांगितली. नोकरी माझी, केस माझी, पण सांगायची तीच. मी मध्ये बोललो की म्हणायची, "तुमी गप बसा, तुमाले सांगता येत नाई." त्या दिवशी दुसरं काही विशेष घडलं नाही.

आता सांगणारी राहिली नाही, म्हणून मी लिहितो. मी नववी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. जन्मभर पंचनामे लिहिले, त्यामुळे हेही तसंच होईल. पण ती केस परवाच झाल्यासारखी डोळ्यासमोर आहे.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मी दिग्रसकडच्या एका ठाण्यात होतो. त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. आज चढेल, उद्या चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला आणि उन्हाळा लागला तरी तो घरातच होता.

एका सकाळी हजेरी झाल्यावर एक मोटारसायकल मेकॅनिक ठाण्यात आला. ओळखीचा मुसलमान माणूस, हात कायम ऑईलनं काळे. मुलीला लग्नाच्या व्हिडिओंचं काम घरी बसून करायचं होतं, त्याला दणकट कॉम्प्युटर लागतो. आर्णी रस्त्यावरच्या एका गावातला मुलगा जुना गेमचा कॉम्प्युटर विकत होता. काचेचा डबा, आत लाल-निळे दिवे.

"साहेब, पोरगा बहुत सस्ते में दे रहा है," तो म्हणाला. "बिल नहीं बोलता. लूं की नको लूं, तुमीच सांगा."

"मी काय कॉम्प्युटरवाला आहे का?"

"नहीं साहेब. लेकिन एक बार चोरी का इंजिन लेके तुम्हारे इस बाकडे पे दिन भर बैठा हूं. अब पहले बाकडा, बाद में खरीदी."

मी हसलो, पण कान टवकारले. आठवड्यापूर्वीच आमच्या ठाण्याच्या गावातल्या एका गेम पार्लरमधून असाच काचेचा कॉम्प्युटर चोरीला गेला होता. अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल होता आणि तपास माझ्याकडे होता. आम्ही मेकॅनिकला सौदा पक्का करायचा निरोप द्यायला लावला. मुलगा तासाभरात डबा घेऊन दुकानावर आला आणि आम्ही त्याला डब्यासकट ठाण्यात आणलं, मेकॅनिकही सोबत आला.

बावीस-तेवीसचा पोरगा, उन्हानं रापलेला, पायात धावायचे बूट. पोलीस भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलेलं. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. त्या दिवशी अटक झाली असती तर त्याची वर्दी तिथंच संपली असती. हे त्यालाही कळत होतं.

"कुठून आणला?"

"नागपूरहून, साहेब. मामेभावाच्या हापिसातला आहे. एसीत होता. एकदम साफ."

मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "कोणता कॉम्प्युटर?"

पहिलं खोटं सापडलं की पोलिसाला बरं वाटतं. मी आवाज चढवला. पोरगा मेकॅनिककडे बघायचा, खाली बघायचा आणि पुन्हा तेच बोलायचा, एसीत होता. पार्लरवाल्याला बोलावलं. त्यानं दिवे पाहिले आणि म्हणाला, "हाच. शंभर टक्के माझा. मागच्या आठवड्यापर्यंत पोरं याच्यावर खेळत होती." नंबराचं स्टिकर दोघांकडेही नव्हतं. पार्लरवाल्याचं खोकं फेकलेलं आणि या डब्यावरचं स्टिकर कधीचं निघालेलं.

मी मेकॅनिकला डबा खोलायला सांगितला, म्हटलं आत कुठं नंबर असेल. त्यानं पेचकस काढला आणि काच बाजूला केली. आत पंख्यांवर आणि जाळ्यांवर राखाडी थर बसला होता, जुन्या घोंगडीसारखा.

"धूळ तर सगळ्याच मशीनमध्ये असते," पार्लरवाला म्हणाला.

मी हात घालून तो थर ओढून काढला, मूठभर निघाला. खाली पुसट अक्षरं होती, वाचता आली नाहीत. कचरा खिडकीबाहेर टाकला. ठाणेदार साहेब म्हणाले, "अजून काय पाहिजे? संध्याकाळी अटक दाखवा." मलाही तेच वाटत होतं. मी जेवायला घरी गेलो.

दारातच बायकोनं अडवलं. "थांबा. आत येऊ नका. काहून खाजवून राह्यले?"

मी खाजवतोय हे माझ्या लक्षातच नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं.

"कोनाच्या कापसात गेलते?"

"कापसात कायले जाऊ? सकाळपासून ठाण्यातच आहे."

"मंग हे काय हाये? माह्या भावाच्या घरी कापसाजवळ निजले होते, तवा असेच फोड आलते तुमाले. रातभर मले झोपू देलं नाई. आंगोळ करा पयले."

घरात साठवलेला कापूस जुना झाला की त्यात बारीक किडे होतात. हात लागला की खाज सुटते. त्या उन्हाळ्यात गावंच्या गावं खाजवत होती, दवाखान्यात त्याच्याच रांगा. मी मोरीत उभा राहून हातांवर पाणी घेत होतो. सकाळपासून मी फक्त एकाच ठिकाणी हात घातला होता.

"वाढून ठेवलं हाये," ती म्हणाली.

"येतो," म्हटलं आणि ओल्या हातांनीच गाडी काढली.

खिडकीखालचा तो कचरा तसाच पडला होता. काडीनं उकलून पाहिला. वरून धूळ, आतून धागे. तो कापूस होता. एकावर एक बसून चामड्यासारखा झालेला. आठवड्याभरात असा थर बसत नाही. पार्लर मेन रोडवरच्या पक्क्या गाळ्यात, तिथं कापसाचं बोंडसुद्धा जात नाही.

पोराला एकट्याला समोर बसवलं. मेकॅनिकला मुद्दाम बाहेर पाठवलं.

"तुमच्या घरी कापूस कोणत्या खोलीत आहे?"

तो रडायला लागला.

"साहेब, चोरला नाई. अमरावतीले शिकत होतो तवा होस्टेलच्या पोराजवळून घेतला. मंग घरी आनला. बाबानं त्याच खोलीत कापूस भरला."

"मग नागपूर कायले सांगितलं?"

"कापसातला म्हटलं तं कोन घेते? आत रुई गेलेली मशीन तापते, बंद पडते. एसीतला म्हटलं तं इकते. घेनारे चाचा समोरच बसले होते. आन एकदा तुमाले सांगून बसलो तं ते बदलायची भीती वाटली. माराल म्हटलं."

दोन पंच घेऊन त्याच्या गावी गेलो. खोलीत छतापर्यंत कापूस. कोपऱ्यात एक टेबल, त्यावर रुईची साय आणि मधोमध डब्याएवढी चौकोनी जागा कोरी. बाप शांत माणूस होता. त्याला वाटलं आम्ही भरतीच्या चौकशीला आलो.

"तो डब्बा दिवाळीपासून इथंच घरघर करे," तो म्हणाला. "मी रोज म्हनो, काढ रे बाबा, एखाद्या दिवशी कापसाले ठिनगी लावशीन. आज नेला एकदाचा."

शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. पार्लरवाल्याला थर दाखवला. तो सरळ माणूस होता. पुन्हा नीट पाहिलं आणि म्हणाला, "दिवे सारखे आहेत साहेब, पण माझा नाही." त्याची चोरी पुढं दुसऱ्या ठाण्यानं उघड केली. पोराचा जबाब घेतला, पंचनामा जोडला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला डब्यासकट सोडलं. साहेबांनी सही केली.

मला या केसनं एवढं शिकवलं की खोटं पकडलं म्हणजे गुन्हा पकडला असं होत नाही. चोर चोरी लपवायला खोटं बोलतो आणि जुनी वस्तू विकणारा साधा माणूस वस्तूचा दोष लपवायला खोटं बोलतो. ठाण्यात दोघंही सारखेच खाली बघतात. आम्हाला घाई असते, म्हणून आम्ही दोघांना एकाच दोरीनं बांधतो. निवृत्त होईपर्यंत ठाण्यात आलेल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो, कोणाचं खोटं सापडलं की आधी विचारा, खरं बोलला असता तर याचं काय गेलं असतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मंग घेतला का त्यानं?"

"कोणी?"

"त्या मेकॅनिकनं. पोरीसाठी पाहत होता ना?"

"मी काही विचारलं नाही."

"अर्धीच गोष्ट घेऊन आले," ती म्हणाली आणि भाकर टाकायला गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या आधी मी मेकॅनिकच्या दुकानावर गेलो. पोरगा आधीच आला होता. आता तो स्वतःहून सगळं सांगत होता, कापसाची खोली, तापणं, उन्हाळ्यात दोनदा आपोआप बंद पडणं. मेकॅनिकनं टायरच्या हवेची नळी लावली. डब्यातून पांढरा ढग निघाला आणि आम्ही तिघंही शिंकलो. नळी थोडा वेळ मीही धरली. मग मेकॅनिकच्या मुलीनं स्क्रीन जोडून लग्नाचा एक व्हिडिओ चालवला. बाप डब्यावर तळहात ठेवून उभा, इंजिन तापलं का बघतात तसा.

"कल झूठ बोला इसलिए भाव कम," तो पोराला म्हणाला. "और बंद पडा तो वापस."

"वापस घेऊन या चाचा. गाव तं तुमाले माहीत हाये."

डबा दुकानामागच्या त्यांच्या घरात गेला. मी तिथूनच घरी फोन लावला.

"घेतला त्यानं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमी हात लावला काय पुन्हा त्याले?"

मी दुकानाबाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि ठाण्यात हजेरीला गेलो.