सशाचं शेवटचं पान
पावसाळा सरल्यावर पोथ्या उन्हात घालताना वेखंडाचा वास सुटतो आणि मी पुन्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या ओसरीवर जाऊन बसते. वडील लष्करात कारकून होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना उत्तरेच्या मोहिमेवर निघायचं होतं. मला मांडीवर घेऊन ते चित्रांच्या पोथीची सुटी पानं उलटत होते. लबाड सशानं कोल्ह्याला चिखलात रुतवलं होतं, लांडग्याला मधमाश्यांच्या तोंडी दिलं होतं, आणि आता तो उपाशी वाघापुढे हात जोडून उभा होता. वाघाचे डोळे हरताळानं पिवळेजर्द रंगवलेले; ससा मात्र मिशीत हसत होता. “मग कसा सुटला?” मी विचारलं. वडिलांनी शेवटचं पान मला न दाखवताच उचललं आणि आपल्या पडशीत ठेवलं. “आल्यावर सांगतो.” आई दारातून म्हणाली, “अहो, पोथी अशी अपुरी ठेवू नये.” “म्हणून तर ठेवतोय,” ते म्हणाले, “पुरी करायला तरी मला परत यावं लागेल!” आई हसली नाही. पुढे मोहिमेवरून पेठेतली काही माणसं परतली; त्यांत ते नव्हते. आता वाघाच्या डोळ्यांचा रंग उडालाय, ससा अजून हसतोच आहे. नातवंडं त्याच्या सुटकेच्या एकाहून एक युक्त्या शोधून काढतात आणि विचारतात, “आजी, हीच ना?” मी दर वेळी नाही म्हणते. हो म्हटलं, तर पोथी पुरी होईल.