डावं झाकण

सुखरामने आयुष्यात एकच शब्द असा दिला, की तो देताच त्याची झोप उडाली.

जवाहरनगरच्या कारखान्यात दरवान म्हणून लागण्यापूर्वी तो फौजेत रणगाडा चालवायचा. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्याच रणगाड्यात कारधा गावचा जागेश्वर होता, तोफेत गोळे भरणारा. सुखराम परत आला, जागेश्वर आला नाही. सात वर्षांनी जागेश्वरचा बाप बुधराम, वैनगंगेत जाळं टाकणारा ढिवर, भंडाऱ्याच्या बाजारात भेटला आणि म्हणाला, "बाबू, माहा पोरगा कशात बसे ते मले एकदा दाखव. म्या तसली गाडी पाहिलीच नाई."

"या रविवारी घरी या, काकाजी," सुखराम बोलून गेला. शेजारच्या मधुकररावांचा भाऊ जहाजावर नोकरीला. त्याने सुखरामला आणून दिलेला, तुकडे जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या रणगाड्याचा डबा घरात कपाटावर धूळ खात पडला होता, आणि नक्कल नेमकी त्याच रणगाड्याची होती.

पण भीती वेगळीच होती. लढाईवरून परतल्यावर बुढ्याला त्याने सांगितलं होतं की पोरगा क्षणात गेला. ते खोटं होतं. गोळा लागल्यावर जागेश्वरच्या डोक्यावरचं, बाहेर पडायचं डावं झाकण आतून उघडलंच नाही. सुखराम वरून पहारीने ठोकत राहिला, आग भडकली तेव्हा लोकांनी त्याला ओढून नेलं. आता निदान नकलेत ते झाकण उघडं दिसावं, म्हणजे बुढा काही विचारणार नाही, असा त्याचा हिशेब.

डबा उघडला आणि अक्कल गुंग झाली. तुकडे प्लॅस्टिकच्या तीन चौकटींना लटकलेले, आणि प्रत्येक चौकटीवर आकडे पुन्हा एकपासून. म्हणजे चौदा नंबरचे तुकडे तीन. जोडणीच्या कागदावर कुठे आकड्याआधी अक्षर, कुठे नुसताच आकडा. चौकटीवर तेराच्या शेजारी चाळीस. हे ज्याने छापलं त्याला एकदा दरवानाची ड्यूटी द्यायला हवी होती. त्यात आकडे तुकड्यांवर नाहीत, चौकटीवर. तुकडा तोडला की त्याचं नाव गेलं. डाव्या झाकणाच्या बिजागरीपुढे कागदावर नुसतं "चौदा" होतं. ते कोडं त्याने शनिवारवर ढकललं.

शनिवारी ड्यूटीवरून आला तर रत्नाबाई, त्याची बायको, सूप पुढे घेऊन बसलेली. सुपात सगळे तुकडे: चाकं चाकांत, काड्या काड्यांत. धानाच्या घरची पोर ती. लोंबीवरचे दाणे काढावेत तसे तिने सगळे तुकडे काढून घेतले होते.

"अन् चौकटी कुठं आहेत वो?"

"शेगडी पेटवाले घातल्या. चार दिवसांपासून तुमी शोधूनच राहिले, म्हनलं काम हलकं करावं."

सुखराम असा ओरडला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. ती सूप तिथेच ठेवून आत गेली, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग त्याने कागद बाजूला सारला. चाकं, पट्टे, तोफ हे हाताला ठाऊक होतं, ते जुळत गेलं. बिजागरी तेवढी ठाऊक नव्हती. त्याने एक काडी लावून पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी लावताना डिंक ओघळला आणि झाकण बसलं ते बंदच बसलं. नखाने उचकटायला गेला तर हलेना. उचकटायची हिंमतही राहिली नाही.

रविवारी बुधराम आला. धुतलेलं धोतर, हातात टोपी. तो रणगाड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"माहा पोरगा कोन्या बाजूले?"

सुखरामने डाव्या झाकणावर बोट ठेवलं. बुढ्याने नख घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे उघडत नाई का?"

तोंडाशी आलं होतं, की हे खेळण्यातलं आहे, डिंक लागला आहे. पण समोर बापाचं नख त्याच फटीत अडकलेलं होतं.

"नाई, काकाजी. त्या दिवशीबी नाई उघडलं. म्या लय ठोकलं."

दारात रत्नाबाई चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली. बुधरामने कमरेचा जाळं कापायचा चाकू काढला, टोक फटीत घातलं आणि धीराने, माशाचा खवला काढावा तसं, दाबलं. कट्‌कन आवाज झाला आणि झाकण निघून आलं.

"निघ रे पोरा," तो त्या भोकाकडे बघत म्हणाला.

सुखराम तिथेच भिंतीला टेकून रडला, सात वर्षांचं साठलेलं. बुढ्याने झाकण कनवटीला खोचलं आणि रणगाडा त्याच्याकडे सरकवला.

"हे तुह्याजवळ ठेव," तो म्हणाला, "झाकन मी नेतो."