शुभमंगल सावभात

‘शुभमंगल सावभात.’

कादंबरीतल्या लग्नात भटजींनी हे म्हटलं आणि माझी पेन्सिल थांबली. मी मागचं पान उलटलं. तिथे नायकाचा बाप समाभाताने झोपला होता. त्याच्याही आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रभातमंत्र्यांचा फोटो होता.

मुलांनो, इंग्रजी शिकवून रिटायर झालेली आजी दिवसभर करते काय, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारता. मी हौशी लेखकांची पुस्तकं तपासते. स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापणाऱ्याला प्रकाशक नसतो, संपादकही नसतो. चुका पकडायला मीच.

ही कादंबरी कामठ्याच्या टेकचंदभाऊंची. त्यांची राइस मिल आहे. मिलवर येणारे लोक चिडवायचे, "भाऊ, तांदूळ सोडून काय लिहून राहिला?" पुस्तकाचं प्रकाशन मिलच्या अंगणात, याच लोकांसमोर व्हायचं होतं. सावभात छापला गेला असता, तर भाऊंना गावाने जन्मभर सोडलं नसतं. आणि फाइल उद्या छापखान्यात जाणार होती.

फायनल प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायची शेवटची प्रत. तिच्यावर माझी सही झाली की मजकुराला कोणी हात लावायचा नाही, हा माझा नियम. आणि फाइल छापखान्यात जाण्याआधी पुन्हा एकदा वाचायची, हा दुसरा. पहिला नियम सगळेच मोडतात, म्हणून दुसरा करावा लागला.

मी फोन लावला. "टेकचंदभाऊ, माझ्या सहीनंतर काही बदललंत?"

"काहीच नाही, मॅडम." मग जरा थांबून, "एकच शब्द. आमचे पुण्याचे जावई म्हणे, तिकडं शेतातल्या धानाले भात म्हणतात. म्हणून सलीमभाईले सांगतलो, सब बदल दो."

सलीमभाई आमचे डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावणारे. त्यांनी फाइंड अँड रिप्लेस केलं होतं. एक शब्द शोधायचा आणि त्याच्या जागी सगळीकडे दुसरा घालायचा, असा हा हुकूम. धान दिसलं की भात. मग ते समाधानात असो की सावधानात.

मी थेट त्यांच्या दुकानात गेले. टेकचंदभाऊ आधीच येऊन बसले होते.

"एक क्लिक में हुआ था, मॅडम. उल्टा कर देता हूँ," सलीमभाई म्हणाले. "भात का धान."

"मग वऱ्हाड्यांच्या पानात धान वाढाल. कच्चं."

जुनी फाइल उरली नव्हती. बदल तिच्यावरच सेव्ह केले होते. तेव्हा एकच मार्ग होता. टेकचंदभाऊंनी स्क्रीनवरून मोठ्याने वाचायचं, मी सही केलेल्या प्रुफावर बोट ठेवून ताडून बघायचं, सलीमभाईंनी दुरुस्त करायचं.

नायिका नागपूर या उपराजभातीत पोचली, तिथे भाऊ हसत सुटले. सलीमभाईंनी माउस सोडून डोळे पुसले. मी शाळेत वापरायची ती नजर रोखून पाहिली, पण मलाच हसू आवरेना.

"मॅडम, जावई नाराज होईन ना पण?"

"तुमची नायिका कुठली?"

"कामठ्याची."

"तिच्या शेताच्या बांधीत काय उभं आहे?"

भाऊंनी छाती पुढे काढली. "धानच."

"मग तेच राहील. ती चिखलात वाकून रोवणी करते आहे. पुण्याच्या माणसाला कळेल."

प्रकाशनाच्या दिवशी चिडवणारेच पुढे बसले होते. त्यांच्यातल्या एकाने मुद्दाम लग्नाचं पान काढून मोठ्याने वाचलं. कुठे अडला नाही. शेवटी म्हणाला, "हे तं आपलंच गाव आहे, भाऊ."

मग पंगत बसली. जावयांच्या पानात भात वाढताना टेकचंदभाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "शुभमंगल सावभात." सलीमभाईंना ठसका लागला. बाकी कोणाला काही कळलं नाही.

धान आणि भात यांतला फरक पोटाला कळतो, कॉम्प्युटरला नाही. म्हणून शेवटचं वाचन माणसानेच करावं, आणि शक्यतो जेवणाआधी.