पिवळ्या चिठ्ठ्यांवरचं नाटक

आमच्या मंडळीचं नाटक जेमतेम अर्ध्या तासाचं असतं. ते बसवताना काय काय झालं हे सांगायला बसलं की मात्र अख्खी दुपार सरते. दरवर्षी वाटतं, आता नवीन काही घडायचं राहिलं नाही, आणि दरवर्षी साठ्यात भर पडतेच. या वेळी तर फारच पडली, कारण हे नाटक आम्ही एकत्र बसून लिहिलंच नाही. इंटरनेटवरच्या एका मोठ्या पांढऱ्या बोर्डावर लिहिलं.

आम्ही म्हणजे बंगळुरातली सहा मराठी माणसं. माधवअण्णा बसवनगुडीचे. त्यांचे पणजोबा इथे आले, त्यामुळे अण्णांच्या मराठीत कन्नड कधी शिरते ते त्यांनाही कळत नाही. बँकेतून रिटायर झालेत, आमच्यात सगळ्यात वडील. भारती निपाणीची, इथे शाळेत शिकवते. केदार पुण्याचा, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. निखिल आणि मृणाल हे नागपूरचं जोडपं, महादेवपुऱ्यात राहतं, दोघंही आयटीत. आणि मी नाशिकची. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात एकांकिका करायची हे आमचं काम.

पूर्वी आम्ही कुणाच्या तरी घरी जमायचो. निम्मे लोक ट्रॅफिकमध्ये असायचे. जे पोचायचे त्यांच्यात अण्णा बोलायचे, केदार त्यांना खोडायचा आणि बाकीचे चिवडा खायचे. शेवटी केदारच म्हणाला, "अण्णा, आमच्या ऑफिसात एक डिजिटल बोर्ड वापरतात. प्रत्येकाने घरी बसून आपल्या कल्पना चिठ्ठ्यांवर लिहायच्या. सगळ्यांना एकाच वेळी बोलता येतं."

अण्णा म्हणाले, "आमच्या घरी जेवताना तसंच होतं रे. कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही."

पण तयार झाले.

*

पहिल्या रविवारी केदारने व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगितलं. बोर्डावर प्रश्न येणार, वर घड्याळ लावलेलं असणार, पाच मिनिटं कुणी तोंडाने बोलायचं नाही, फक्त पिवळ्या चिठ्ठ्या लिहायच्या. मग प्रत्येकाने आवडलेल्या चिठ्ठ्यांना मतं द्यायची. पहिला प्रश्न होता, आपल्या नायकाची अडचण काय?

आम्ही धडाधड लिहायला लागलो. कुणी लिहिलं, भाड्याचं घर मिळत नाही. कुणी लिहिलं, वडिलांशी पटत नाही. अण्णांची चिठ्ठी सगळ्यात शेवटी उमटली, "सर्वांना नमस्कार. स्वल्प थांबा, चष्मा सापडत नाही."

वेळ संपली. मतं मोजली.

अण्णांच्या चष्म्याला सगळ्यात जास्त मतं होती.

*

दुसऱ्या वेळी केदारने निनावी सोय चालू केली. त्यात लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्या जागी एखादा प्राणी दिसतो. कुणी घुबड, कुणी जिराफ. दर रविवारी प्राणी बदलतो, त्यामुळे कोण कोण आहे ते कळायला मार्ग नाही. केदारचा हेतू चांगला होता. अण्णांसमोर कुणी मोकळं बोलत नाही हे त्याला माहीत होतं.

प्रश्न होता, मागच्या वर्षी आपलं काय चुकलं? मागच्या वर्षीची एकांकिका अण्णांनी लिहिली होती. बराच वेळ बोर्ड कोराच राहिला. मग जिराफाने एक चिठ्ठी चिकटवली, "दुसरा प्रवेश फार लांबला. लोक खुर्च्यांवर चुळबुळत होते. तो कापायलाच हवा होता."

भारती कॅमेऱ्यातून बाजूला सरकली. मृणाल पाणी प्यायला लागली.

अण्णांनी विचारलं, "हे जिराफ कोण?"

"ते कळत नाही अण्णा," केदार म्हणाला. "तशीच सोय आहे ती."

"सरी, ठीक आहे. मग मीच सांगतो. मी आहे." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हाच म्हणणार होतो. पण तुम्ही सगळ्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की तोंडाने म्हणायला होईना."

*

भारतीला मराठी टाइप करायला वेळ लागतो. म्हणून ती फोनशी बोलते आणि फोन तिचं बोलणं लिहून देतो. एका रविवारी नायिकेच्या पहिल्या प्रवेशावर काम चाललं होतं. नायिका रंगमंचावर येते तेव्हा पहिलं वाक्य काय बोलते? पाच मिनिटं लावली. वेळ संपल्यावर बघितलं, तर भारतीच्या चिठ्ठीवर होतं, "ती दार उघडते आणि म्हणते अर्धा लिटर सासू."

भारती स्क्रीनवरच्या तिच्या खिडकीत नव्हती. आम्ही आपसात चर्चा सुरू केली.

केदार म्हणाला, "म्हणजे सासू घरात आहे, पण पूर्ण नाही. अर्धी इथे, अर्धी गावाकडे. मला आवडलं."

निखिल म्हणाला, "लिटर काहून?"

"नातं मोजता येतं का, असा प्रश्न असेल," मी म्हणाले. मलाही ते वाक्य खोल वाटायला लागलं होतं.

अण्णांचे नुसते खांदे हलत होते. तेवढ्यात भारती हातात पातेलं घेऊन परत आली. "सॉरी हं, दूधवाला आला होता."

अण्णांना अखेर हसू आवरलं नाही. "अरे, ती त्याला अर्धा लिटर साकु म्हणाली. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे."

केदारने ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "तरी माझं मत सासूलाच."

*

त्या बोर्डात एक बटण आहे. ते दाबलं की बोर्ड स्वतःच कल्पना सुचवतो. एकदा आम्ही सगळेच अडलो होतो. नवराबायकोचं भांडण झालंय, नायक रागारागाने घराबाहेर पडलाय, पुढे काय ते सुचेना. केदारने बटण दाबलं.

दोन सेकंदांत चिठ्ठी आली, "नायक दूर डोंगरावर जातो आणि तिथल्या शांततेत त्याला स्वतःची ओळख पटते."

मृणालने ती वाचली. ती म्हणाली, "डोंगरावर? तो आधी सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमधून तर सुटू दे."

निखिल सगळ्यांच्या आधी हसला. तो तिच्या बोलण्यावर नेहमीच सगळ्यांच्या आधी हसतो.

नायक शेवटी लिफ्टने गच्चीवर गेला. त्याला तिथे बरं वाटलं.

*

महिन्याभरात बोर्ड इतका भरला की बघून धाप लागायची. शेकडो चिठ्ठ्या, त्यांना जोडणारे बाण, बाणांवर पुन्हा चिठ्ठ्या. केदार म्हणाला, आज मी तुम्हाला बोर्ड कसा आवरायचा ते शिकवतो. "काळजी एकच घ्यायची. सगळ्या चिठ्ठ्या एकदम निवडल्या गेल्या तर डिलीट दाबायचं नाही. म्हणजे बघा, अशा निवडल्या गेल्या की..."

बोर्ड पांढराशुभ्र झाला.

"घाबरू नका," केदार म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज घाबरलेला होता. "परत आणता येतं. एक मिनिट."

"थांब," अण्णा म्हणाले. "आणू नको."

"अण्णा, महिन्याचं काम आहे."

"असू दे. ज्याला जे आठवतं ते त्याने लिहावं. मुद्दाम आठवू नका. सहज आठवेल तेवढंच."

आम्ही लिहिलं. कशाबशा दहाबारा चिठ्ठ्या झाल्या. गच्ची होती. दूध होतं. दारात उभं राहून न संपणारं नवराबायकोचं बोलणं होतं. त्या चिठ्ठ्या ओळीने लावल्या आणि पहिल्यांदाच नाटकासारखं काहीतरी दिसायला लागलं. भारती म्हणाली, "मला आता पाठच आहे हे."

पुढे एकदा केदारने मला सांगितलं, की त्याने त्या रात्री एकट्यानेच जुना बोर्ड परत आणून बघितला होता. काय काय गेलं ते बघायला.

"मग? महत्त्वाचं काही होतं?"

"नाही," तो म्हणाला. "बहुतेक सगळं माझंच होतं."

*

आता शेवटची गोष्ट. निखिल आणि मृणाल एकाच फ्लॅटमधून जोडले जायचे, पण एका खोलीत दोन माइक लागले की आवाज घुमतो. म्हणून तो बेडरूममध्ये बसायचा, ती हॉलमध्ये. स्क्रीनवर त्यांच्या दोन वेगळ्या खिडक्या असायच्या.

त्या रविवारी केदारने प्रश्न टाकला, नायक बायकोपासून काय लपवतो? सोय निनावी होती. चिठ्ठ्या पडायला लागल्या. सिगारेट ओढतो. आईला फोन करून बायकोच्या तक्रारी सांगतो. देवनहळ्ळीला गुपचूप प्लॉट बघून आलाय; ही बहुधा अण्णांची. मग कासवाने लिहिलं, "त्याची नोकरी गेलीय. तरी रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडतो."

सगळ्यांना ती एकदम पटली. मतं द्यायचीही गरज पडली नाही. केदार खुशीत म्हणाला, "मस्त. हीच पुढे नेऊ. दिवसभर तो काय करतो? लिहा."

आम्ही उत्साहाने लिहायला लागलो. मी लिहिलं, "मॉलमध्ये बसतो." माझ्या चिठ्ठीला लागून कासवाची चिठ्ठी आली, "मॉलमध्ये नाही बसता येत. थोड्या दिवसांनी सिक्युरिटीवाला ओळखून हसायला लागतो."

कुणीतरी लिहिलं, "मेट्रोत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो."

कासव, "मेट्रोत ओळखीचे भेटतात."

"देवळात बसतो."

कासव, "देवळात बरं असतं. पण दुपारी बंद होतं."

त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. एरवी केदार दर अर्ध्या मिनिटाला "छान, अजून" असं म्हणत असतो. तोही गप्प होता. आम्ही सगळे मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होतो. एकमेकांच्या खिडक्यांकडे बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं. घड्याळ चालू होतं.

शेवटी भारतीने तोंडानेच विचारलं, "आणि बायकोला कळत नाही?"

बोर्डाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात एक नवीन चिठ्ठी उमटली. लिहिणारी होती खार. इतका वेळ खारीने काहीच लिहिलं नव्हतं.

"कळतं. ऑफिसची कॅब आली की सकाळी गेटवरून इंटरकॉम वाजायचा. एक दिवस तो वाजलाच नाही. तिला त्याच दिवशी कळलं."

मी कासवाच्या बाणाकडे बघत राहिले. बोर्डावर प्रत्येकाचा माउस छोट्या बाणासारखा दिसतो, शेजारी त्याच्या प्राण्याचं चित्र. कासवाचा बाण देवळाच्या चिठ्ठीवर होता. तो हळूहळू सरकत कोपऱ्यातल्या त्या चिठ्ठीपाशी गेला आणि तिथे थांबला.

अण्णांना टाइप करायला वेळ लागतो. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "मग ती विचारत का नाही?"

खार, "तो सांगेल म्हणून थांबलीय."

वेळ संपल्याची घंटी वाजली. केदारने मतं मागितली नाहीत. अण्णा म्हणाले, "आज इतकं साकु. स्वल्प डोळे दुखतायत माझे." एकेक खिडकी बंद होत गेली.

पुढच्या रविवारी ठरल्या वेळी आम्ही सगळे आलो. भारती आली, केदार आला, अण्णा चष्म्यासकट आले. महादेवपुऱ्याहून मात्र एकच खिडकी उघडली. निखिल आणि मृणाल हॉलमधल्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते, मध्ये चहाचे दोन कप. दोघांचे डोळे जरा सुजल्यासारखे वाटत होते, पण तो कॅमेराही असू शकतो.

अण्णांनी विचारलं, "निखिल, तुझी ती दुसरी खिडकी कुठे गेली रे?"

निखिलने मृणालकडे बघितलं. मग म्हणाला, "एकच पुरते, अण्णा."