जुव्यावरची वच्छाक्का

वच्छाक्का झोपलेल्या प्रवाशाला कधी हाताने हलवत नसे. त्याच्या सीटजवळच्या दांडीवर ती तिकिटाच्या मशीनचा कोपरा दोनदा टकटक वाजवायची आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायची, “उठा पावनं, कडेगाव आलं. सपान हितंच ऱ्हाऊ द्या, म्हागारी येताना घिऊन जावा.” माझी तिची पहिली ओळख अशीच झाली. नोकरीचा पहिला दिवस होता, सांगलीहून पहाटे निघाले होते, विट्याला गाडी बदलली होती आणि खिडकीला डोकं टेकून चांगली गाढ झोपले होते. धडपडत उठले, उतरले, आणि मागे बघते तर पायरीवर खाकी साडीतली उंच, काळीसावळी बाई माझी डब्याची पिशवी हातात धरून उभी. “नव्या शाळामास्तरीण का? खोली बगितली का न्हाई अजून?”

तिच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी राहायला आलो. मी, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी शबाना आणि साखर कारखान्याच्या ऑफिसातली तेजू. खाली आक्का एकटी. ती मूळची आटपाडीकडची, धनगराच्या घरातली. लहानपणी बापाच्या मेंढरांमागे चालली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, चोविसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात महेश. पुढे कंडक्टरची परीक्षा दिली आणि सबंध आयुष्य सातारा-विटा गाडीवर काढलं. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे गावाला ती वच्छामास्तर होती आणि आम्हाला आक्का. महेश शिकून पुण्याला कंपनीत लागला होता. रविवारी त्याचा फोन यायचा. त्या वेळी आम्ही तिघी जिन्यातून पावलं न वाजवता जायचो, इतकं तिचं ते बोलणं मन लावून चाललेलं असे.

आक्का बोलायची कमी, पण एखादं वाक्य असं टाकायची की दिवसभर कानात राहावं. शाळेतल्या कुरबुरींनी मी रडकुंडीला आले की म्हणायची, “बाई, गाडीत धक्का लागला म्हणून कुणी खाली उतरतं का? दांडी धरायची.” तेजूचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ती खोलीचं दार लावून बसली होती. आक्काने दाराबाहेर बसकण मारली आणि आतल्या मुलीला ऐकू जाईल अशा बेताने तासभर कांदे निवडले. शेवटी तेजूच दार उघडून बाहेर आली आणि शेजारी बसून कांदे निवडू लागली.

सुभेदारांचं प्रकरण आम्हाला कळलं ते करवंदांमुळे. दर मे महिन्यात आक्काच्या ओट्यावर पळसाच्या पानाच्या द्रोणात टपोरी करवंदं यायची. कडेगावात अशी करवंदं कुठली? शबानाने पिच्छा पुरवला तेव्हा आक्काने सांगितलं. मेढ्याचे एक निवृत्त सुभेदार ती आणून देत. बायको जाऊन दहा वर्षं झालेली. मुलगी विट्याला दिलेली, म्हणून महिन्यातून दोनदा त्यांची या गाडीने फेरी. गाडीतल्या सगळ्या बाया बसल्याशिवाय ते स्वतः बसत नसत. एवढंच तिने आधी पाहिलं होतं. मग एकदा साताऱ्याला गाडी रिकामी झाल्यावर ते मागे रेंगाळले आणि म्हणाले, “मास्तर, माझ्या घरात दोन खुर्च्या हायत. एकीवर मी बसतो, दुसरीवर कपडं पडत्यात.”

“मग तू काय म्हणालीस?” तेजूने विचारलं.

“काय म्हणणार? वेबिल भरत बसले. तिकिटांचा हिसाबच जुळंना.”

ते न जुळणं वर्षभर चाललं. शेवटी तिने होकार दिला. साताऱ्याला नोंदणी पद्धतीने लग्न करायचं, बदली मागून सातारा डेपोत जायचं आणि निवृत्तीपर्यंतचे थोडे महिने तिथून काढायचे असं ठरलं. सत्तावन्नाव्या वर्षी लग्न. गावातल्या काहीजणी तोंडावर हसल्या, काहींनी आक्काकडे बघणंच सोडलं. ते तिने सहन केलं. पण महेशने फोनवर “आई, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस” असं म्हटलं आणि त्यानंतरचे रविवार कोरडे गेले. आक्का जेवायची, ड्यूटीवर जायची, पण रविवारी संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली तिची आकृती आम्हाला बघवत नसे. एकदा ती म्हणाली, “सुभेदारांस्नी न्हाई म्हणून सांगावं म्हणते.”

त्याच आठवड्यात शबानाने एक कल्पना काढली. हल्ली मुली लग्नाआधी मैत्रिणींबरोबर सहलीला जातात, तशी आपण आक्काला न्यायची. बॅचलरेट. तेजू लगेच मोबाईलवर मालदीवचे फोटो दाखवू लागली. निळं पाणी, पाण्यावर लाकडी घरं.

“म्हंजी हे काय आसतं?” आक्काने चष्मा वर केला.

“लग्नाआधी मैत्रिणींनी मिळून केलेली शेवटची मजा.”

“शेवटची का म्हणं? मजा काय लगीन झाल्यावर संपती व्हय?”

मालदीव तर आमच्या तिघींच्या पगारात बसणारच नव्हतं, गोवाही नको वाटत होता. आक्का उठली. मग आत गेली, एक जुना वेबिलाचा कागद घेऊन आली आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहू लागली. “बेट पायजे ना तुमाला? मला एक ठावं हाय.”

बऱ्याच वर्षांपूर्वी तिला जादा गाड्यांसाठी मालवणकडे पाठवलं होतं. पावसाने घाट बंद पडला आणि गाडी तीन दिवस खाली अडकली. गाडीतून येणारी शेवंती नावाची एक मासळीवाली तिला होडीत घालून आपल्या घरी घेऊन गेली. खाडीच्या मधोमध माडांनी भरलेली, सातआठ घरांची जमीन. तिकडे अशा बेटाला जुवा म्हणतात. शेवंतीकाकीचा मुलगा आता तिथे पाहुण्यांना खोल्या देतो, एवढं आक्काला ठाऊक होतं. तिने त्याला फोन लावला, गर्दी नसलेले चार दिवस निवडले, आम्हाला बायकांचं अर्धं तिकीट आणि स्वतःला डेपोचा पास असं ठरवलं, घरच्या बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवसापुरती बांधून घ्यायची असंही लिहिलं. कागदावर वर कडेगावहून निघायची वेळ होती आणि खाली परत पोचायची. मधे सगळं कोरं.

“आक्का, मधे काय करायचं ते लिही की,” मी म्हटलं.

“मधी काय बी करायचं न्हाई. मी सव्वीस वर्सं मिन्टं मोजली. आता जरा न मोजता बगू.”

जानेवारी होता. कडेगावातून निघालो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ येत होती. कोल्हापूरला गाडी बदलली. आक्का आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीच्या सीटवर बसून एवढा लांबचा प्रवास करत होती. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली की तिचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला जायचा, मग ती ओशाळून हसायची. घाट उतरताना हवा हळूहळू ऊबदार होत गेली. आम्ही एकेक स्वेटर काढत गेलो. खाली पोचेपर्यंत आक्काने शालही घडी करून पिशवीत घातली होती.

होडी जुव्याला लागली तेव्हा उन्हं कलत होती. काठावर पाठीतून वाकलेली शेवंतीकाकी उभी होती. “खंय होतंस गो इतकी वर्सां?” तिने आक्काचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “लगीन करतंस म्हणे?”

“करतीया जणू,” आक्का म्हणाली.

“जणू कित्याक? कर.”

त्या चार दिवसांचं मला आता सलग काही आठवत नाही. स्वप्न आठवावं तसे तुकडे आठवतात. जुव्यावर रस्ता नव्हता, त्यामुळे गाडी नव्हती, हॉर्न नव्हता. पाणी चढायचं, पाणी उतरायचं, आणि त्याच्याबरोबर काठाला बांधलेली होडी कधी उंच, कधी खोल दिसायची. माडांच्या सावल्या अंगणातून सरकत घराच्या भिंतीवर चढायच्या. आम्ही झोपायचो, उठायचो, काकीच्या हातची कोळंबीची आमटी आणि भात जेवायचो, पुन्हा माडाखाली चटई टाकून पडायचो. कोण काय बोललं हे वाऱ्यात विरून जायचं. तेजू कित्येक महिन्यांनी गाणं गुणगुणत होती आणि तिचं तिलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शबानाने मेंदीचे कोन काढले. आक्काने हात मागे घेतले. “हे नगं. पयल्या लगनात बी न्हवती. आन आता ह्या वयात ह्या हातास्नी कुटं शोभती?” शबाना नुसता तळवा पुढे करून बसून राहिली. थोड्या वेळाने आक्काने आपला उजवा हात तिच्या हातात ठेवला. रुंद, खरखरीत हात. शबानाने त्यावर, मग डाव्यावरही वेली काढल्या, आणि आक्का लहान मुलीसारखी श्वास रोखून बघत राहिली. मेंदी वाळेपर्यंत तिला काही धरता येईना. काकीने तिला घासघास भात भरवला. तेव्हा आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. “तिखाट झालंय,” ती म्हणाली. आमटी मुळीच तिखट नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, “बाई, चला माझ्यासंगट.” जुव्याच्या टोकाला एका वाकड्या माडापाशीच फोनला रेंज यायची. तिने महेशला फोन लावला. त्याने उचलला. मी दूर जाऊ लागले तर तिने माझा दंड धरला.

“महेश, मी तुजी परवानगी मागायला फोन केला न्हाई,” ती म्हणाली. “सांगायला केलाय. पुढल्या म्हयन्यात मी लगीन करणार. तुला राग आलाय, येऊ दे. पर एक ध्येनात ठेव. सुभेदार गाडीत चढलं म्हणून तुजी शीट जात न्हाई रं. ती तुजीच हाय. तू बसलास तरी, न बसलास तरी.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आक्का नुसतं “बरं, बरं” म्हणाली आणि फोन बंद केला. आम्ही तिथेच माडाच्या बुंध्याशी बसलो.

“भीती वाटते का आक्का?” मी विचारलं.

“मानसाची न्हाई वाटत. त्येंच्या सैपाकघरात च्याचा डबा कुटल्या फळीवर आसंल, त्येची वाटते. दुसऱ्या बाईनं मांडलेलं घर हाय ते. हात कुटं घालू, कुटं न्हाई.”

मग ती उठली आणि साडीसकट पाण्यात शिरली. ओहोटीचं पाणी गुडघ्यापर्यंत होतं, उन्हाने कोमट झालेलं. शबाना धावत आली, तिने आक्काच्या मानेखाली हात दिला आणि म्हणाली, “पाय सोड, आक्का. अंग ढिलं सोड.” पहिल्यांदा ती ओंडक्यासारखी ताठ होती. नंतर हळूहळू तिचे खांदे सुटले, साडीचा पदर पाण्यावर पसरला, मेंदी लावलेले हात दोन्ही बाजूंना तरंगू लागले. शबानाने हात काढून घेतला तरी तिला कळलं नाही. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. मी इतकी वर्षं तिला पाहत होते, पण तिच्या कपाळावरची आठी गेलेली त्या दिवशी प्रथमच पाहिली.

लग्नाला महेश आला नाही. त्याची बायको मात्र लेकीला घेऊन एकटीच पुण्याहून एसटीने साताऱ्याला आली आणि साक्षीदार म्हणून सही करून गेली. सुभेदारांनी आक्काला मेढ्याला नेलं. पुढे मी दोनतीनदा तिकडे गेले. चहाचा डबा सापडला का, असं विचारल्यावर आक्का हसली. तिच्या येण्याआधी सुभेदारांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या रिकाम्या करून, पुसून ठेवल्या होत्या. “म्हणलं, आता तुमी लावा तुमच्या मनानं,” ते म्हणाले. भाताच्या खाचरांकडे तोंड करून दोघं संध्याकाळी अंगणात बसायची. बोलणं फारसं नसायचं. कधी सुभेदार सीमेवरची एखादी गोष्ट सांगायचे, कधी आक्का गाडीतली.

हे सुख तिला दोन वर्षं आणि काही महिने मिळालं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती अंगण झाडता झाडता खाली बसली ती उठली नाही. आम्ही तिघी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. महेश आमच्या आधी आलेला होता. तो आईच्या पायाशी बसला होता आणि सुभेदार दारात उभे होते. दोघांची नजरानजर होत नव्हती.

तिरडी बांधून झाली. महेश पुढे डाव्या खांद्याला लागला. उजव्या बाजूला सुभेदार आले तसं त्यांच्याच भावकीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना अडवलं. “सुभेदार, तुमी ऱ्हावा. गुडघं चालत न्हाईत तुमचं, उताराची वाट हाय. पोरं नेतील.” सुभेदार थांबले. दोन पावलं मागे सरले.

महेशने मान वळवली. दोन वर्षांत तो त्यांच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

“आवं, या,” तो म्हणाला. “मी हळू चालतो.”

सुभेदारांनी खांदा दिला. भावकीतली माणसं बाजूला झाली. आणि त्या डोंगरउताराच्या वाटेने ते दोघं एकमेकांच्या पावलाचा अंदाज घेत, अगदी सावकाश, आक्काला घेऊन गेले.