तिसरी वायर

सासऱ्यांच्या वेळची जुनी गाडी जागेवर चालू ठेवली की इंजिन थरथरतं, मध्येच अडखळतं. निदान आमचे हे तरी तसं म्हणतात. यांना तिचा श्वास नेमका कुठे अडकतो तेही ऐकू येतं. मी आठवडाभर खोकतेय, ते ऐकू आलेलं नाही.

आज चहा घेऊन खाली गेले तर म्हणाले, "थांब, ऐक." चालू इंजिनातल्या प्लगची एक वायर त्यांनी पकडीने उपसली, तशी गाडी आणखीच कण्हली. ती लावून दुसरी काढली, पुन्हा तेच. तिसरी काढली तेव्हा आवाजात काहीच बदल झाला नाही.

"सापडला! ज्याची वायर काढून काही फरक पडत नाही, तोच सिलिंडर बंद पडलाय."

मग इंजिन बंद करून, तो काळवंडलेला प्लग काढून किती मायेने पुसत बसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असून नसल्यासारख्याची एवढी काळजी घ्यायची असते, हे यांना ठाऊक आहे तर!

"मी दोन दिवस आईकडे जाते," मी म्हटलं आणि कान देऊन ऐकलं.

"बरं," ते म्हणाले.

आवाजात काहीच बदल झाला नाही.